विहाराच्या अंगणात, बहिणीसाठी

माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म झाला तेव्हा सुईणीनं मायला पोरगा झाल्याचं सांगितलं, आणि शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत ती पोरगाच राहिली. ती स्वतः मात्र वेगळं सांगायची. मी तिचं ऐकलं, तिला बहीणच समजत आले, म्हणून इथंही 'ती' असंच लिहिते.

आमचं घर आमगावला, रुळांच्या पलीकडच्या वस्तीत. शेत नव्हतं. माय आणि बाबा दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मजुरीला जायचे. रोवणा लागला की आम्ही पोरीही जायचो. धानाचे परे, म्हणजे रोपं, उपटून त्यांच्या पेंढ्या बांधीत फेकायचं काम गड्यांचं, आणि चिखलात वाकून रोवायचं काम बायांचं. बहिणीला गड्यांमध्ये पाठवायचे. थोड्या वेळानं पाहावं तर ती बायांच्या रांगेत, मायच्या शेजारी वाकलेली असायची. हात असा चालायचा की बाया म्हणायच्या, "राहू द्या वो, चांगली रोवून राहिली." मग मालकाचा माणूस धुऱ्याच्या बांधावरून ओरडायचा, बाबा मान खाली घालायचा, आणि ती उठून परत गड्यांकडं जायची. एकाच दिवसात हे पुन्हा पुन्हा व्हायचं.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात ती घर सोडून गेली. बाबानं तिला मारलं नव्हतं. बोलणं बंद केलं होतं, एवढंच. जेवायला बसला तरी तिच्याकडं पाठ करून बसायचा. मी तेव्हा भंडाऱ्याला डी.एड. करत होते. सुट्टीत घरी आले तर तिची गोधडी घडी करून कोपऱ्यात ठेवलेली. माय चुलीसमोर बसून होती.

"कुठं गेली?" मी विचारलं.

"रायपूरच्या गाडीत बसला म्हणतेत. मले सांगून नाई गेला."

पुढं बरीच वर्षं तिची खबर नव्हती. माझं लग्न झालं, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, बदली होत होत आमगावजवळच्या गावात आले. बाबा वारल्यावर तिसऱ्या दिवशी मागच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली, डोक्यावरून पदर घेतलेली. मायनं तिला ओळखायला क्षणही लावला नाही. "जेवली का?" एवढंच विचारलं आणि लाखोळीची डाळ गरम करायला ठेवली.

तेव्हापासून ती येत राहिली. गोंदियात तृतीयपंथीयांच्या एका घरात राहायची. तिथं एक वयस्क गुरू होती, छत्तीसगडकडची, हिंदीच बोलायची. बहीण तिला अम्मा म्हणायची. दुकानांची उद्घाटनं, बारशी, लग्नं, जिथं आशीर्वाद देऊन बधाईचे पैसे मिळतील तिथं त्या घरातल्या सगळ्या जायच्या. गाडीनं आमगावला उतरून बहीण मागच्या गल्लीनं घरी यायची, मायच्या पायांना तेल लावायची, दिवस मावळायच्या आत परत जायची. वस्तीला सगळं माहीत होतं. तोंडावर कोणी काही म्हणत नव्हतं, आणि पाठीमागं काय म्हणायचे ते कानावर यायचंच.

मग तिरोड्याला वीज कारखान्याचं काम सुरू झालं. बाहेरून माणसं आली, रस्त्यावर नवे ढाबे लागले, नवी दुकानं निघाली. तिचं तिकडं जाणं वाढलं. मी म्हटलं होतं, "एकटी जात नको जाऊ." ती हसून म्हणाली, "एकटी कहाँ बाई, अख्खी गाडी सोबत राहते नं."

जे झालं ते तिरोड्याच्या रस्त्यावरच्या एका ढाब्याजवळ झालं, दिवेलागणीला. जीपमधल्या तिघांनी तिला चल म्हटलं. ती नाही म्हणाली. त्यांनी तिला ढाब्यामागं ओढत नेऊन लोखंडी सळाखीनं मारलं. ढाबेवाल्यानं पाहिलं, पण तो पुढं आला नाही. एका ऑटोवाल्यानं तिला उचलून दवाखान्यात टाकलं.

मला अम्माचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. पोहोचले तर तिची खाट वॉर्डात नव्हती. पुरुषांच्या वॉर्डात बाकीचे रुग्ण तिला ठेवू देईनात आणि बायांच्या वॉर्डात नर्स घेईना. म्हणून व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीजवळ खाट लावलेली. लोक गिलास भरायला यायचे, थांबून बघायचे, जायचे. टाके घालायला डोक्यावरचे केस अर्ध्याहून जास्त काढले होते. मी जवळ बसले तर ती पहिलं हेच बोलली.

"बाई, बाल काटले नं त्याईनं?"

"वाढतीन," मी म्हटलं.

"बहुत टाइम लागते."

मग थोड्या वेळानं म्हणाली, "मायले नको सांगू." पण मायला सांगावं लागलं, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. शेवटपर्यंत खाट तिथंच होती.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला फारसं आठवत नाही. पाय दुखत होते हे आठवतं. पोलीस ठाणं, पोस्टमार्टेम, परत पोलीस ठाणं. देह रक्ताच्या नात्यालाच मिळेल असं सांगितलं. अम्मा, जिनं तिला इतकी वर्षं जेवू घातलं, ती शवागाराच्या फाटकाबाहेर आपल्या चपलांवर बसली होती. मी सही केली. आमगावच्या स्मशानात खांदा द्यायला माझा नवरा आणि वस्तीतली मोजकी माणसं आली. अम्मा आणि तिच्या चेल्या दूर बाभळीखाली उभ्या राहिल्या, कोणी त्यांना जवळ बोलावलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा ते बघायचंही त्राण माझ्यात नव्हतं.

काही दिवसांनी अम्मा आमच्या घरी आली. बसायला खुर्ची दिली तरी जमिनीवरच बसली. म्हणाली, "बेटी, हमारी मरती है तो चुपचाप ले जाते हैं. कोई नाम नहीं लेता. तुम लोग नाम लो. सब मिलके एक दिन मोमबत्ती लगाओ उसके लिए."

मला खरं तर झोपायचं होतं. शाळेत परीक्षा होत्या, साहेबांना सुट्ट्यांचं कारण सांगून सांगून मी विटले होते. पण माय आतून म्हणाली, "हाव, लावू."

आमच्यात माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. विहारात लोक जमतात, वंदना होते, मेणबत्त्या लागतात, दोन शब्द बोलले जातात. तेच करायचं ठरवलं. मी आणि माय विहार समितीच्या अध्यक्षांकडं गेलो. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, वस्तीत मान होता. त्यांनी पाणी दिलं, चहा सांगितला, मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरचा कार्यक्रम करा, आमी कायले नाई म्हणू? पण ते टाळ्यावाले लोक विहारात आले तं उद्या गावात का बोलतीन? आधीच आपल्याले नावं ठेवणारे कमी आहेत का?"

मी काही बोलणार तोच माय बोलली. ती सभा-बैठकीत कधी बोललेली मला आठवत नाही.

"भाऊजी, विहार बांधला तवा मी इटा वाह्यल्या. पोटात हेच लेकरू व्हतं. तवा तुम्ही म्हटलं नाई, 'वयनी, तुमच्या पोटात का आहे ते पयले सांगा.'"

त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. शेवटी म्हणाले, "आत नको. अंगणात करा. सतरंज्या नेऊन घ्या." मायला वाटलं जिंकलो, मला वाटलं हरलो.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी ठेवला. फोटोचा प्रश्न होता. घरी शाळेचा एक जुना फोटो होता, हाफ शर्टातला, घाबरलेल्या डोळ्यांचा. अम्मानं स्टुडिओत काढलेला मोठा फोटो आणला, हिरव्या साडीतला, मागं धबधब्याचा पडदा. मी दोन्ही फोटो मायसमोर ठेवले. मायनं हिरव्या साडीवरून बोट फिरवलं. "हे साडी मी दिली व्हती," म्हणाली. मला हे माहीतच नव्हतं. टेबलावर तोच फोटो ठेवला, बाबासाहेब आणि बुद्धाच्या तसबिरींच्या खालच्या बाजूला.

अम्मा आणि तिच्या चेल्या गोंदियाहून गाडीनं येणार होत्या, आणि गाडी लेट होती. वस्तीतले लोक येऊन बसले. रोवण्याला मायबरोबर जाणाऱ्या बाया बऱ्याच आल्या. माझ्या शाळेतल्या दोन शिक्षिका आल्या आणि फाटकाजवळ उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी नाही बसल्या. डास चावत होते. कोणीतरी कुजबुजलं, "येतेत का नाई ते लोकं?" पोरांनी मेणबत्त्या आधीच पेटवून टाकल्या होत्या, त्या वितळून अर्ध्या झाल्या. वारा येई तशा विझत, पुन्हा लावत. एक हवालदार मोटारसायकलवर आला, परवानगी आहे का विचारलं. अध्यक्ष उठून म्हणाले, "आमचा घरगुती कार्यक्रम आहे, साहेब." त्यांच्या तोंडून ते ऐकून मी त्यांच्याकडं पाहिलं, पण त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. हवालदार चहा पिऊन गेला.

शेवटी त्या आल्या. सगळ्या पांढऱ्या साड्यांत, स्टेशनपासून चालत, घामेजलेल्या. अंगणात आल्या आणि सतरंजीच्या अगदी कडेला, मातीतच बसल्या. कोणी सरका म्हणालं नाही, कोणी या म्हणालं नाही. मग शेजारच्या गल्लीतली एक म्हातारी नातवाला घेऊन उठली आणि सरळ अम्मापुढं जाऊन उभी राहिली. "याच्या डोक्यावर हात ठेवून दे वो. रडतेच रातदिवस."

मला लाज वाटली. आज काय हे मागायचा दिवस? पण अम्मानं पोर मांडीवर घेतलं, त्याच्या कपाळावर अंगठा फिरवला, काहीतरी पुटपुटली. ती इतकी थकलेली होती की पोर परत द्यायलाही विसरली. ते तिच्या मांडीवरच झोपलं. म्हातारी तिथंच तिच्या बाजूला बसली, मग तिची सून, मग आणखी दोघी. सतरंजीवरची जागा अशी आपोआप मातीकडं सरकत गेली.

वंदना घ्यायला महिला मंडळातली एक तरुण मुलगी होती. त्रिसरण, पंचशील झालं. अम्माच्या चेल्यांना ते येत नव्हतं. त्या ओठ हलवत राहिल्या. मग ती मुलगी माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाली, "ताई, नाव कोणतं घेऊ? जुनं का नवं?"

मी अम्माकडं पाहिलं. अम्मानं मायकडं पाहिलं. मायनं त्या दिवसापर्यंत तिचं नवं नाव एकदाही घेतलं नव्हतं, आणि जुनं घेणंही सोडलं होतं. घरी आली की "आली का" एवढंच म्हणायची.

"माही लेक म्हण," माय म्हणाली.

मुलगी गोंधळली. "नाव, आजी?"

"माही लेक म्हण नं. मंग तिचं नाव घे, तिनं ठेवलेलं."

मुलीनं तसंच म्हटलं, माइकवर, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं पदर तोंडावर घेतला. फाटकाजवळच्या शिक्षिका केव्हा गेल्या मला कळलं नाही. अम्मा रडली नाही. पोर उठू नये म्हणून ती हलतही नव्हती.

त्यानंतर दोन जण बोलले. अध्यक्षांनी 'माणूस म्हणून' हे शब्द पुष्कळदा वापरले आणि मध्येच घड्याळ पाहिलं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उभी राहिले आणि व्हरांड्यातल्या त्या खाटेबद्दल सांगितलं. एवढंच सांगितलं आणि बसले. परतीच्या गाडीसाठी अम्माच्या लोकांना लवकर निघावं लागलं. मायनं त्यांना पोहे बांधून दिले.

पुढच्या वर्षी मायनं विचारलं, "यंदा लावाच्या का मेणबत्त्या?" लावल्या. निम्मेच लोक आले. त्यानंतरच्या वर्षी माझी निवडणुकीची ड्यूटी लागली आणि राहून गेलं. माय घरी एकटीनंच लावत असे, मी विचारलं नाही तर सांगतही नसे.

जीपमधले तिघं सापडले होते, त्यांच्यावरचा खटला चालत राहिला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गोंदियाला जायची, बाकावर बसायची, तारीख घेऊन परत यायची. कधी वकील नसे, कधी जजसाहेब रजेवर असत. ढाबेवाल्यानं कोर्टात सांगितलं की अंधार होता, कोण होतं ते दिसलं नाही. ऑटोवाला मात्र आपलं म्हणणं सोडेना. त्याला उलटतपासणीत वाटेल ते विचारलं, पण त्यानं तिचं रक्त आपल्या सीटवर होतं हे पुन्हा पुन्हा सांगितलं.

निकाल लागला तेव्हा एकाला शिक्षा झाली आणि दोघे सुटले. सुटलेले माझ्यासमोरूनच पायऱ्या उतरले. त्यातल्या एकाच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

मी स्टँडवर आले आणि अम्माला फोन लावला. ती गाडीत होती, मागं चहावाल्याचा आवाज, रुळांचा खडखडाट.

"क्या हुआ बेटी? जोर से बोल, सुनाई नहीं दे रहा."

"एकाले झाली, अम्मा. दोघं सुटले."

"क्या?"

"एक को सजा हुई!" मी ओरडले. "दो छूट गए!"

रांगेतली माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली.  पलीकडून अम्मा म्हणाली, "अच्छा." आणि आवाज तुटला, बोगदा आला असेल किंवा तिनंच ठेवला असेल. आमगावची बस लागली. मला खिडकीजवळ जागा मिळाली, कंडक्टरनं तिकीट फाडून दिलं, आणि मी डोळे मिटून बसून राहिले.