समक्ष गुरुजींचं शेवटचं पत्रक

ज्याच्याविरुद्ध लिहायचं, त्याला ते छापण्याआधी स्वतः जाऊन वाचून दाखवायचं, असा गुरुजींचा नेम होता. त्यावरून चिंचवडात त्यांना सगळे ‘समक्ष गुरुजी’ म्हणत. पाठीमागे लिहिणं म्हणजे चहाडी, असं त्यांचं मत. स्टेशनाजवळच्या ज्या लहानशा छापखान्यात मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला होतो, तिथेच त्यांची सगळी पत्रकं आणि पुस्तिका छापल्या जात. इतर लेखक पहिलं प्रूफ चुका तपासायला घरी नेतात. गुरुजींचं पहिलं प्रूफ ओलं असतानाच शत्रूच्या ओसरीवर जायचं.

थेरगावचे पाटील एकदा एका सभेत मराठी राज्याच्या मागणीविरुद्ध बोलले. गुरुजींनी त्यांच्यावर चार पानं लिहिली आणि भर उन्हात चालत जाऊन त्यांना ती वाचून दाखवली. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं, विड्याचं पान जमवलं आणि म्हणाले, “गुरुजी, तेवढा ‘लाचार’ काढा. बाकीचं काय खोटं न्हाई.” गुरुजींनी तिथेच ‘लाचार’ खोडून ‘घाबरट’ केलं. “व्हय, हे चालंल,” पाटील म्हणाले. अर्धं पान पुन्हा जुळवताना मी दोघांनाही मनसोक्त शिव्या दिल्या.

मराठी राज्यासाठी त्यांनी शाळेची नोकरी सोडली होती. पण त्यांचं मागणं तेवढ्यावर थांबत नसे. “मुंबईत बसून चाकणच्या कांद्याचा ठराव करू नये,” हे त्यांचं पेटंट वाक्य. आपलं राज्य झालं की तुम्ही मोकळे, असं मी एकदा म्हणालो तर हसून म्हणाले, “छे! मग पुण्याशी भांडण. गावचा कारभार गावात यायला नको?” हसता हसता त्यांना ढास लागली. त्यांना दमा होता. छातीतून आवाज यायला लागला की ते हातानेच ‘थांबा’ अशी खूण करत आणि श्वास मिळाला की वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे नेत.

मुंबईत गोळीबार झाला त्या वर्षी आमच्याकडचीही हवा बदलली. छापखान्यासमोरच्या हॉटेलात साध्या कपड्यांतले दोन गृहस्थ येऊन बसू लागले. एकच चहा तासभर पुरवायचे. छापखान्याच्या मालकांची पुण्यातली कामं एकाएकी वाढली. गुरुजींच्या घरी दाराजवळच्या खुंटीला एक पिशवी टांगलेली दिसू लागली. त्यांच्या पत्नीने, म्हणजे माईंनी, तिच्यात धोतर, पंचा आणि दम्याच्या औषधाच्या पुड्या भरून ठेवल्या होत्या. पिशवी कसली ते कुणी विचारत नसे. मी तिकडे पाठ होईल असा बसायचो.

गुरुजींच्या नेमाला एकटे फौजदार तेवढे वैतागले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी हात जोडून सांगितलं होतं, “गुरुजी, काय लिहायचं ते लिहा, पण मला ऐकवू नका. ऐकलं की मला डायरीत लिहावं लागतं.” हे गुरुजींनी मला कौतुकाने सांगितलं. मी मात्र हातातला खिळा खाली ठेवला. कारण त्याच आठवड्यात जमावबंदी लागू झाली होती आणि गुरुजी माझ्या टेबलाशी नवा मजकूर घेऊन उभे होते. बंदी मोडून रविवारी नदीकाठी सभेला या, असं मावळापासून चाकणपर्यंतच्या गावांना बोलावणारं ते पत्रक होतं. पत्रकं गेली तरच सभा होणार होती, दुसरं काही साधन नव्हतं.

“हे कुणाला वाचून दाखवणार?” मी विचारलं.

“बंदी ज्यांनी घातली त्यांना. फौजदारांना.”

“गुरुजी, आधी छापू, वाटू. मग वाचा की.”

“मग ती खबर होईल. आज ते सांगणं आहे.”

प्रूफ उद्या मिळेल, शाई संपली आहे, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. एवढ्या एका थापेने सगळं टळलं असतं. पण ते हात पुढे करून उभे होते, आणि मी प्रूफ दिलं. आजही वाटतं, त्या दिवशी मी खोटं बोलायला हवं होतं.

दुपारी हॉटेलवाल्याने बातमी आणली. “गुरुजींना चौकीत बसवून घेतलं. माई पिशवी देऊन आल्या.”

समोरचे दोन गृहस्थ बाकावर नव्हते. आता इथेच येणार, असं मी धरून चाललो. घरी बायको होती, दोन लेकरं होती. मी दार लोटलं, पत्रकाच्या जुळवलेल्या खिळ्यांचा बांधलेला फर्मा सोडला आणि एकेक खिळा त्याच्या त्याच्या खणात टाकला. गुरुजींच्या हातचा कागद शेगडीत घातला. संध्याकाळपर्यंत टेबल कोरं करकरीत झालं. पोलीस आलेच नाहीत. गुरुजींनी छापखान्याचं नावच सांगितलं नव्हतं, हे मला पुढे फौजदारांकडून कळलं. रविवारी नदीकाठी गुरं पाण्यावर आली, माणसं आली नाहीत.

तीन महिन्यांनी गुरुजी सुटले ते निम्मे होऊन. मी भेटायला गेलो तेव्हा भिंतीला टेकून बसले होते. पहिला प्रश्न तोच. “पत्रक किती गावांत गेलं?”

“सगळीकडे,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. सभेचं काय झालं, हे विचारलं नाही. त्यानंतर त्या घराची पायरी चढायचा मला धीर झाला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत पावसाळा गेला. थंडी पडली आणि दम्याने गुरुजींना नेलं. मराठी राज्य त्यांनी पाहिलं नाही.

पुढे काही दिवसांनी माई छापखान्यात आल्या. पदर सावरत म्हणाल्या, “त्यांचं ते शेवटचं पत्रक. एक प्रत असली तर द्या. घरात ठेवीन म्हणते.”

मी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. फर्मा, शेगडी, ‘सगळीकडे’ हा शब्दसुद्धा.

“ते त्यांना कळलं होतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “तुरुंगातच कळलं. चाकणची माणसं होती ना बरोबर, त्यांच्याकडे पत्रक पोचलंच नव्हतं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही, लेकराबाळांचा माणूस आहे म्हणाले. पण तुम्ही यायचे का थांबलात, हे मात्र रोज विचारायचे.”