एसेनकुल बाइकेंचा गिअरबॉक्स

मी शेजारच्या जेनेंची गाडी पाटात घातली ती सोमवारी, भर दुपारी, लख्ख उन्हात, रस्त्यावर दुसरं एकही वाहन नसताना. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या वस्तीत ही गोष्ट अकरा प्रकारे सांगितली जाते आणि त्यातल्या दहांत मी झोपलेला असतो. मी झोपलो नव्हतो. मी मागे बघत होतो. मागच्या सीटवर सुताराकडून आणलेला नवाकोरा पाळणा होता. त्याला ओरखडा उठू नये म्हणून माझा एक डोळा त्याच्यावर होता. खरं तर दुसराही त्याच्यावरच होता. गाडी उलटी घेताना मागचं चाक रस्त्याकडेच्या पाटात उतरलं आणि गाडी पाणी प्यायला टेकलेल्या उंटासारखी कलली.

इथवर काही बिघडलं नव्हतं. बिश्केकमध्ये ज्याचं चाक कधी पाटात गेलं नाही, त्याच्याकडे गाडीच नाही असं समजावं. बिघडलं ते पुढे. माणसं जमली, आणि माणसं जमली की सल्ले जमतात.

"झोका द्या, मास्तर! पुढे, मागे, पुढे, मागे! आपोआप निघेल!"

जुन्या रशियन गाड्या अशाच निघायच्या. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, पण झोका मलाही कळतो. मी दिला. फक्त ही गाडी रशियन नव्हती. वीस वर्षांपूर्वीची, चिमुकली, जपानी आणि आपले गिअर आपणच बदलणारी होती. तिला पुढे पळत असताना मागे आणि मागे पळत असताना पुढे असं मी पंधरा मिनिटं झुलवलं. सोळाव्या मिनिटाला केस जळल्यासारखा वास आला. शेवटी चौघांनी उचलून गाडी वर ठेवली. पण त्यानंतर ती पुढेही जाईना आणि मागेही. इंजिन मात्र छान गुणगुणत होतं, जसं काही झालंच नाही.

एसेनकुल बाइके माझे सख्खे थोरले भाऊ नव्हेत, शेजारी. पण तीस वर्षं एकाच भिंतीला दोन बाजूंनी पाठ लावून बसलं की सख्खं काय आणि शेजारचं काय. ते बाइके, म्हणून त्यांची बायको बुरुलचा माझी जेने, म्हणजे वहिनी. बाइकेंचं वय चौसष्ट. सामूहिक शेताच्या ट्रॅक्टरांपासून सुरुवात केलेला मिस्त्री. बंद पडलेल्या इंजिनावर लाकडी डावाचा दांडा टेकवून दुसरं टोक कानाला लावतात आणि डॉक्टरने सांगावं तसं सांगतात, "तिसरा सिलिंडर कुरकुरतोय." त्यांची एक खोड सांगायलाच हवी. यंत्र नीट चाललं तर ते त्याला "तू" म्हणतात. यंत्राने छळलं की "आपण". वस्तीत कुणी लांबून ऐकलं, "आपण कृपया हा बोल्ट सोडाल का?", तर तो आपली गाडी घेऊन दुसऱ्या दिवशी येतो.

स्वयंचलित गिअर हा त्यांचा जुना वैरी. जेनेंनी ही गाडी घेतली तेव्हाच म्हणाले होते, "गिअर माणसाने टाकायचा आणि गाडीने ऐकायचं. इथे गाडी विचार करते आणि माणूस वाट बघतो. असा संसार मी घरी करतोच आहे, गॅरेजमध्ये कशाला?"

जेने म्हणाल्या होत्या, "मग चालत जा." आणि स्वतः शिकल्या, सत्तावन्नाव्या वर्षी.

सोमवारी संध्याकाळी गाडी दोरीने ओढत अंगणात आणली, तेव्हा बाइकेंनी खाली वाकून गिअरबॉक्सचं तेल काढलं, बोटांत चोळलं, हुंगलं. ते काळंभोर होतं.

"मास्तर," ते म्हणाले, "पाळणा ठीक आहे ना?"

"एक ओरखडा नाही, बाइके."

"चला. काहीतरी शाबूत आणलंस."

त्यांची मुलगी जिपार बूमच्या घाटापलीकडे, कोचकोरला दिलेली. तिला पहिला मुलगा झाला होता, त्याचे चाळीस दिवस भरत होते आणि रविवारी दुपारी त्याला पाळण्यात घालायचं होतं. पाळणा न्यायचा असतो मुलीच्या माहेरच्यांनी. पाळणा पोचला नाही तर बाळ काही जमिनीवर झोपत नाही, पण व्याह्यांचं तोंड कोण धरणार? आणि ही तर मिस्त्रीच्या घरची गाडी.

मी खालच्या आवाजात म्हणालो, "टॅक्सी करू. माझ्यामुळे झालं, मीच ठरवतो."

"मिस्त्रीच्या घरचा पाळणा भाड्याच्या गाडीतून?" बाइके म्हणाले. "व्याही त्यात बाळाऐवजी मला निजवतील आणि झोके देतील. रविवारी तुझी जेने गाडी चालवेल, मी शेजारी बसेन आणि पाळणा मागे असेल. झालं."

मंगळवारी आम्ही जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. तिथे जपानहून आलेले गिअरबॉक्स कलिंगडांसारखे रचून ठेवलेले असतात आणि माणसं ते कलिंगडांसारखेच टिचक्या मारून घेतात. बाइकेंनी सात पाहिले, सातांचं तेल हुंगलं, आठवा घेतला. विकणारा म्हणाला, "सोनं आहे, आजोबा." बाइके म्हणाले, "सोनं नको, गिअरबॉक्स दे."

बुधवारी जुना निघाला. नवा अंगणात लोकरीच्या नमद्यावर पुसूनपासून ठेवला होता, गुटगुटीत, चकचकीत. बाइके हात धुवायला गेले. आत जेने रविवारसाठी लोणी कढवत होत्या. मदतनीस म्हणून मला ऊन ऊन तुपाची वाटी आणि पाव मिळाला होता. मी एकटाच त्या गिअरबॉक्ससमोर बसून खात होतो.

आता, आमच्याकडे घरात नवा जीव आला की त्याच्या तोंडाला पहिलं तूप लावतात. जो लावतो त्याच्यावर पोर जातं म्हणतात, म्हणून माणूस निवडून लावतात. माझ्या मनात अपराध ठसठसत होता. जुना जीव माझ्या हातून गेला, नव्याचं तरी भलं व्हावं. शिवाय त्याच्या अंगावर एक तोंड होतं. वायरींचा प्लग जिथे बसतो ते, लहानसं, उघडं, आत बारीक दातांसारख्या पिना. मी बोट तुपात बुडवलं आणि त्या तोंडात फिरवलं. जरा सढळ हातानेच. "सुखी राहा," म्हणालो. आणि ही गोष्ट मी साफ विसरलो, कारण तेवढ्यात बाइकेंनी हाक मारली आणि पुढचा दीड दिवस मी गाडीखाली उताणा होऊन "धर", "सोड", "तो नव्हे" एवढेच शब्द ऐकत होतो.

गुरुवारी सूर्य मावळता मावळता गिअरबॉक्स बसला. शुक्रवारी सकाळी अंगणातल्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा होता. जेनेंनी गाडी सुरू केली, गिअरचा दांडा ओढला. गाडीला एक हिसका बसला, पुढ्यात एक दिवा मिचमिचायला लागला, आणि गाडी म्हातारा बैल चढणीला लागावा तशी निघाली. इंजिन बोंबलत होतं, चाकं ऐकत नव्हती. गल्लीच्या तोंडाशी चढ म्हणावा असा चढही नाही, पण तिथे ती थांबली.

"पहिला गिअर टाकतच नाही ही," बाइके म्हणाले. "एकदम वरच्या गिअरमध्ये बसते."

"म्हणजे बूमच्या घाटात?" जेनेंनी विचारलं.

"घाटात तू ढकलशील, मी हॉर्न वाजवीन."

मग सुरू झाला तो शुक्रवार. बाइकेंनी तेलाची पट्टी काढून पाहिली, कागदावर थेंब टाकून पाहिला. तेल बरोबर. गिअरच्या दांड्याची तार सैल केली, घट्ट केली, परत सैल केली. तार बरोबर. गिअरबॉक्सपासून गाडीच्या अंगाला जाणारी वायर काढून कानशीने घासली. डावाचा दांडा लावून ऐकलं. आणि दुपारी, जेवायच्या वेळी, इंजिन तासभर चालून तापल्यावर गाडी अशी सुळकन गल्ली चढून गेली की जेने आरशात बघून हसल्या.

"तू शहाणा आहेस," बाइके गिअरबॉक्सला म्हणाले. मी सुटकेचा श्वास टाकला. स्वयंपाकघरातून अजूनही कढवलेल्या तुपाचा वास येत होता. निदान मला तरी तो स्वयंपाकघरातूनच येतोय असं वाटलं.

शनिवारी सकाळी पुन्हा पापुद्रा, पुन्हा हिसका, पुन्हा मिचमिच, पुन्हा बैल.

बाइके बॉनेटसमोर उभे राहिले. टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग फार नम्रपणे म्हणाले, "आपण काल दुपारी चाललात. आपणच चाललात. आज आपल्याला काय झालं, कळेल का?"

मी दोन पावलं मागे सरलो. जेने पिठाच्या हातांनी दारात आल्या.

"मी टॅक्सीवाल्याला सांगून ठेवते," त्या म्हणाल्या.

"सांग. त्याला हेही सांग की घरात मिस्त्री नाही, एक म्हातारा आहे, तो फक्त पाने मोजतो." आणि हातातला पाना त्यांनी अंगणाच्या पार टोकाला भिरकावला. मग स्वतःच जाऊन उचलून आणला, पुसला, कारण तो तेरा नंबरचा होता आणि तेरा नंबर नेहमी हरवतो.

बाजारवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "सोनं आहे, आजोबा." बाइकेंनी फोन शांतपणे खाली ठेवला. मला ते आवडलं नाही. माणूस ओरडत असेपर्यंत काही काळजी नसते. ते जमिनीवर बसले, गाडीच्या चाकाला टेकून, आणि पहिल्यांदाच मला त्यांचं वय दिसलं.

"मास्तर, मी ट्रॅक्टर बर्फात उघडून जोडलेत," ते म्हणाले. "बोटं चिकटायची लोखंडाला. पण तेव्हा जे मोडायचं ते मोडलेलं दिसायचं. इथे सगळं चांगलं आहे. सगळं चांगलं आहे आणि चालत नाही. उद्या नातवासमोर काय तोंड घेऊन जाऊ? तो जन्मभर ऐकेल, तुझा पाळणा टॅक्सीतून आला होता, आजोबा मिस्त्री होता तरी."

 मी नेहमीप्रमाणे चूक ते बोललो. "बाइके, चाळीस दिवसांच्या पोराला काय कळतंय?"

"व्याही सांगतील ना! दरवर्षी सांगतील!"

इतक्यात मोइनोकचं शेपूट दिसलं. मोइनोक हा बाइकेंचा कुत्रा. गाडीशी त्याचा संबंध फक्त चाक ओलं करण्यापुरता. आज मात्र तो पुढच्या दोन्ही पायांनी बम्परवर चढून उघड्या बॉनेटमध्ये मान घालून काहीतरी चाटत होता, डोळे मिटून, मन लावून.

"उतर रे!" बाइके ओरडले. तो उतरेना. इंजिन बऱ्यापैकी तापलं होतं आणि वाऱ्याबरोबर एक वास आला. जेनेंनी दारातूनच नाक वर केलं.

"माझं तूप तर मी कालच भरून ठेवलं," त्या म्हणाल्या.

 मला ती वाटी आठवली. बोट आठवलं. दातांसारख्या पिना आठवल्या.

"बाइके," मी म्हणालो, "तो मोठा प्लग एकदा काढून बघा."

"का?"

"बघा तर."

त्यांनी प्लग ओढला. तो नुसत्या ओढण्याने निघाला, कारण तो कधी टक्क करून बसलाच नव्हता. आत, इंजिनाकडच्या बाजूला तूप वितळून चकाकत होतं आणि पलीकडच्या थंड कोपऱ्यात अजून पांढरं थिजलेलं होतं, कणीदार, जेनेंच्या हातचं. गार असलं की ते पिना टेकू द्यायचं नाही, वितळलं की वाट द्यायचं. बाइकेंनी करंगळी फिरवली, बघितलं, चाखलं. मग माझ्याकडे वळले.

"बुधवारी," मी म्हणालो. "नवा जीव घरात आला म्हणून... तोंडाला..."

 मोइनोकने जीभ फिरवली.

"तू लावलंस," बाइके म्हणाले. "तुझ्या हाताने."

"हो."

"तरीच! सकाळी हलायचं नाव नाही, दुपारी जेवायच्या वेळेला ताजातवाना! मी दोन दिवस विचार करतोय, हा कुणावर गेलाय!"

जेने दाराची चौकट धरून खाली बसल्या आणि पिठाचे हात तोंडावर घेऊन हसायला लागल्या. बाइके हसले नाहीत. त्यांनी पेट्रोलमध्ये बुडवलेला ब्रश घेऊन एक एक पिन घासली, फुंकली, पुन्हा घासली, उन्हात वाळवली. दोन तास लागले.  मधे फक्त एकदा म्हणाले, "आपण जरा उजेडातून बाजूला व्हाल का?" आणि ते गिअरबॉक्सला नव्हतं.

मग प्लग बसवला. टक्क.

तो आवाज मला रविवारी पहाटेपर्यंत पुरला. फटफटलं तेव्हा बादलीवर परवापेक्षा जाड पापुद्रा होता. जेनेंनी नवा रुमाल बांधला होता. डिकीत पाव, तूप, तळलेले बोर्सोक आणि मागच्या सीटवरही गाद्या कोंबलेल्या. पाळण्याला जागा उरली नव्हती, म्हणून मागच्या सीटवर मी आणि माझ्या मांडीवर पाळणा. मला का नेताय, हे विचारायचं धाडस मी केलं नाही. जेनेंनी दांडा ओढला. बाइकेंनी डोळे मिटले. गाडी हिसका न देता निघाली, दिवा लागला नाही, गल्लीचा चढ केव्हा संपला ते कळलंही नाही.

"तू गुणाचा आहेस," बाइके पुढ्यात हात ठेवून हळूच म्हणाले. हेही मला नव्हतं.

तोकमोक शहर मागे पडलं, डोंगर जवळ आले. मला वाटलं आता सगळं मिटलं, आता दोन गोड शब्द बोलायला हरकत नाही.

"जेने," मी पाळण्याच्या दांड्यावरून मान काढून म्हणालो, "घाटात दमलात तर सांगा हं, थोडा वेळ मी चालवतो."

जेने काही बोलायच्या आत बाइकेंनी, मान न वळवता, उत्तर दिलं.

"तू पाळणा धर, मास्तर."