घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

मंडळी, मोतीबिंदूमुळं मला सगळं धुक्यातलं दिसतंय. सुईत दोरा जाईना, म्हणून शिलाई मशीन विकायची जाहिरात फोनवर टाकली.

आज दुपारी कळंबला अंगणात डुलक्या घेत होते. झाडाची सावली पाण्यावानी हालत होती. तेवढ्यात फोन आला.

"आज्जी, बारामती एमआयडीसीतनं बोलतोय. मशीन घेतली. कोड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील."

आवाज इतका गोड, की मी गुंगीतच कोड स्कॅन करून पिनचे दोन आकडे दाबले. त्याच खात्यात माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे हायेत.

मग एकदम जाग आली. साध्या ब्लाऊजच्या शिलाईला बाया माझ्याशी तासभर घासाघीस करतात, आन ह्यो मशीन न बघता घेतोय?

"लेका, हितं येऊन पायडल मारून बघ की."

"आज्जी, विश्वास ठेवा."

"ठेवते की. पर पैसे घ्यायला माझा पिन कशाला रं?"

त्यानं फोनच ठेवला.

पैसे घ्यायला पिन लागत न्हाय, एवढं ध्यानात ठेवा. मशीन अजून हितंच हाय. मगाशी नुसतंच पायडल मारलं, तर धुक्यात लांब कुठंतरी गाडी चालल्यासारखं वाटलं.

तुमच्यात कोण घासाघीस करणारं हाय का?