अक्काची दोन कार्डं

शाळेच्या ग्रंथालयात मी फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चिकटवत बसलो होतो, तेव्हा जगदीश आत आला. एरवी सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या शाळेपाशी तो रिक्षा थांबवायचा ती हॉर्न वाजवतच. त्या दुपारी हॉर्न वाजला नाही. "सर, चला," एवढंच म्हणाला, आणि मला कळलं. सकाळीच त्याने माझ्या मोठ्या बहिणीला, अक्काला, तापात दवाखान्यात नेलं होतं... याआधीही कितीदा नेलं होतं आणि परत आणलं होतं. तिला जाऊन आता महिना होऊन गेला. दुःख आहे, पण ते जड नाही. अक्काला जे हवं होतं ते तिला मिळालं, असं मला वाटतं.

वडील कापडाच्या लूमवर कामाला म्हणून खानदेशातून सुरतेला आले, तेव्हापासून मी तिला एक तर तापलेली पाहिली, नाहीतर तोंड आलेली. कोणी उष्णता म्हणे, कोणी नजर. तिचं लग्न झालं, नवरा वारला, ती माझ्याकडे राहायला आली. ताप मात्र सोबतच राहिला. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या एका गुजराती डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हिच्या रक्तात पांढऱ्या पेशी कायमच कमी असतात, म्हणून साधं दुखणंही अंगावर येतं. अक्काने सगळं ऐकून घेतलं आणि घरच्या अहिराणीत मला विचारलं, "भाऊ, मी एकलीच शे का अशी?" मी तो प्रश्न डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. त्यांनाही उत्तर ठाऊक नव्हतं. त्यासाठीच त्या अशा रुग्णांची नोंदणी सुरू करत होत्या. प्रत्येकाचं एक कार्ड. ताप कधी आला, कशाने उतरला, घरात आणखी कोणाला आहे का. एका माणसावरून काही कळत नाही, पुष्कळ जण शेजारी शेजारी मांडले की कळतं, असं त्या म्हणाल्या. अक्काने लगेच नाव दिलं. पण एक अट घातली. दुसरं कोणी सापडलं तर तिला भेटवायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसऱ्याचं नाव मी सांगणार नाही. त्याची इच्छा असेल तर भेट घालून देईन.

मग दर खेपेला अक्काचा पहिला प्रश्न तोच. "कोनी भेटनं का बाई?" आणि एकदा डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठूनच म्हणाल्या, "सुमनबेन, तमारा जेवां बीजां मळ्यां!" दवाखान्याचे जुने कागद चाळताना त्यांना दुसरी बाई सापडली होती, आणि तिचंही कार्ड त्यांनी करून ठेवलं होतं. लिंबायतचीच, साधारण अक्काच्याच वयाची, तोंड वारंवार येणारी. तिला कागदावरच्या जुन्या पत्त्यावर पत्र धाडून त्यांनी एका सकाळी बोलावलं. अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून, डब्यात रव्याचे मऊ लाडू घेऊन बाकावर बसली. तोंड आलेल्या माणसाला चावायला त्रास नको, म्हणून मऊ. बरीच वाट पाहिल्यावर शिपायाने हाक दिली, "यमुना पाटील!" कोणी उठेना. त्याने पुन्हा पुकारा केला. अक्का माझ्याकडे वळली. "भाऊ, हाई त मीच शे ना!"

यमुना हे तिचं माहेरचं नाव. लग्नात ते बदलून सुमन झालं, आणि घरात आम्ही सगळे अक्काच म्हणत आलो. लग्नाआधी त्याच दवाखान्यात रक्त तपासलं होतं ते यमुनाच्या नावाने... माझ्याही लक्षात आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. त्यानंतर त्यांच्या कार्डावर बायकांसाठी माहेरच्या नावाची ओळ आली. "म्हंजे मी दोन शे का?" असं म्हणून अक्का तिथे हसली खरी, पण रिक्षातून उतरताच लाडूंचा डबा तिने माझ्या हातात दिला. लाडू शाळेतल्या मुलांनी संपवले.

पुढच्या वर्षी नोंदणीत जगदीश सापडला. मूळचा अकोल्याचा, सुरतेतच कोसाडला राहणारा, रुंद खांद्यांचा रिक्षावाला. अक्काला पाहून म्हणाला, "मले वाटलं कोनी जवान पोरगी असंन! लगन जमलं असतं."

"आनि माले वाटनं कोनी शानी बाई व्हई!"

तिथून त्यांचं जे सुरू झालं ते थांबलंच नाही. मुलं परीक्षेचे गुण विचारतात तसे ते एकमेकांचे पेशींचे आकडे विचारत. ज्याचा कमी, त्याने हरल्यासारखं तोंड करायचं. जगदीश अंगात ताप घेऊन रिक्षा हाकायचा. एकदा अक्काने ते ओळखलं आणि भर रस्त्यात ओरडली, "मरानी हौस शे का तुले?" आणि त्याच्याच रिक्षातून त्याला दवाखान्यात जायला लावलं. त्या खेपेला तो थोडक्यात वाचला. मग अक्काला नेण्या-आणण्याचं काम त्याने आपल्याकडे घेतलं.

मागच्या आठवड्यात तो मला सुरतेजवळच्या कडोदऱ्याला घेऊन गेला. नोंदणीत नवं कार्ड आलं होतं, लूमवाल्या घरातली मराठवाड्याची सून. कोणी भेटायला यावं, अशी तिचीच इच्छा होती. ती उंबऱ्याशी बसली होती. आम्ही पाणी प्यायच्या आधीच तिने विचारलं, "मला एकटीलाच हाय का हो हे?"

जगदीशने जीभ बाहेर काढून आपले फोड दाखवले. मग म्हणाला, "लिंबायतले आमची अक्का होती. थे तर एकटीच दोन पेशंट होती!" आणि त्याने सगळी हकिकत सांगितली, बाक, शिपाई, लाडू... ती बाई हसली. हसता हसता तिने तळहात गालावर दाबून धरला आणि ओठ आवळले. तोंड आतून दुखत असलं की माणसं अशीच हसतात. अक्काला मी आयुष्यभर तसंच हसताना पाहिलं.