लाल पुडा

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. वैजापूरला होत्या तेव्हा भावकीतल्या लग्नाची आमटी त्यांनी चाखल्याशिवाय चुलीवरून उतरायची नाही. पुंडलिकनगरात आमच्याकडं राहायला आल्या, आणि गेलं वर्षभर त्यांना माझ्या हातचं काही म्हणता काही पसंत पडेना. भाजी अळणी, वरण पाणचट. त्यात मी मॉलवाल्यांचा, त्यांच्याच छापाचा चहा आणला.

"भुसा हाय नुसता! आपला लाल पुडाच आण."

एका दुपारी माझं डोकं फिरलं. म्हटलं, होऊनच जाऊ दे आज. एका भांड्यात लाल पुड्याचा चहा केला, दुसऱ्यात मॉलचा, आणि दोन कप पुढ्यात ठेवले.

"सांगा, आपला कुठला?"

दोन्हीतला घोट घेऊन त्यांनी मॉलच्याच कपावर बोट ठेवलं. "ह्यो. गोडाला बी कसा बेतशीर हाय!"

जिंकले की मी! हसत उरलेला चहा माझ्या कपात ओतला, तोंडाला लावला. कडू जहर! भांडायच्या नादात साखर घालायचीच राहिली होती, दोन्हीत.

"आत्याबाई, साखरच नाही चहात."

त्यांचा चेहरा उतरला. पदराशी चाळा करत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मागं त्यो ताप आला ना, तवापासनं जिभंला काय बी लागत नाय. कुणाला सांगू नको."

"मग रोज अळणी, पाणचट कशाला?"

"नावं नसती ठिवली तर तुमाला कळलं असतं की. जीभ गेली म्हंजी मला कोण इचारतंय?"

वर्षभर मी जळफळत होते, आणि ही बाई बिनचवीचं गिळत होती.

"आणि लाल पुड्याचा हट्ट?"

"त्यो दिसला की जुनी चव आठवती गं. तुझ्या मॉलच्या पुड्याची मी कधी घेतलीच नाय. काय आठवू?"

दवाखान्याचं नाव काढलं की अजून हात झटकतात. लाल पुडा आता मी डब्यात ओतत नाही, ओट्यावर त्यांना दिसेल असाच ठेवते.

काल रात्री आमचे हे आईशेजारी जेवायला बसलेले, आणि आत्याबाई भाजीला एक शब्द बोलल्या नाहीत.

"अळणी झालीय का हो भाजी?" शेवटी मीच विचारलं.