झोपलेले जंतू

माझी मुलगी क्षयाने गेली. पहिल्यांदा झाला तेव्हा औषधं पूर्ण झाली, थुंकीची तपासणी साफ आली आणि ती कल्याणला सासरी परत गेली. पुढे पुन्हा खोकला. सासूने सांगून टाकलं, "गोळ्या चुकवल्या असणार." आमच्या ह्यांनी तेच धरलं.

मग ती लहान मुलीला घेऊन टिटवाळ्याला आमच्याकडे आली. रोज गोळी घेतली की हे बॅटरी घेऊन उभे. "तोंड उघड. जीभ वर कर." ती करायची. मी म्हणायचे, "अहो, माझ्यासमोर गिळते ती. पहिल्या वेळीही गिळायचीच, इथेच तर होती."

"तू गप्प बस."

मुलगी गेली. ह्यांचा संशय गेला नाही.

नात आमच्याकडेच वाढली. आता ठाण्याला प्रयोगशाळेत क्षयाच्याच जंतूंवर काम करते. परवा मेथी निवडताना मी विचारलं, करतेस तरी काय? मी चौथी शिकलेली, म्हणून तिने सोपं करून सांगितलं. जंतूच्या आत अन्न पचवायची कामं प्रथिनं करतात. प्रथिनावर फॉस्फेटचा बारीक तुकडा चिकटला की एखादं काम मंदावतं, निघाला की पुन्हा सुरू. काही ठिकाणी उलटंही असतं. अडचणीत जंतू असे तुकडे लावून-काढून आपला कारभार आवरता घेतो. फारच आवरला तर झोपल्यासारखा पडून राहतो. बरीच औषधं वाढत्या जंतूला मारतात. झोपलेला वाचतो आणि कधीतरी उठतो.

"सगळ्या गोळ्या घेतल्या तरी?" हे पलंगावरून म्हणाले. ऐकत होते तर.

"हो आजोबा. कधीकधी."

"तुझ्या आईचं तसंच झालं?"

तिने हातातली मेथी खाली ठेवली. मग म्हणाली, "ते आता कोणालाच सांगता येणार नाही."

हे भिंत धरत आमच्यापर्यंत आले. "अगं, तू एवढी शिकलीस. नुसतं हो म्हण."

"तसं हो म्हणता येत नाही, आजोबा."

मी म्हटलं, "मी सांगते. ती गिळत होती."

"तू आई तिची. तू तेच म्हणणार," हे म्हणाले, आणि उभ्या उभ्या रडायला लागले.

नात उठायला निघाली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. रडू दे म्हटलं.