पाचव्या शीलापाशी

माझ्या आईने गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं होतं. मोताळ्याजवळच्या आमच्या गावात, बौद्ध वस्तीतल्या बायका घेऊन ती दुकानापुढे ठाण मांडून बसली, ती कुलूप लागल्यावरच उठली. म्हणून शहरातल्या डॉक्टरांनी माझ्या धाकट्या भावासाठी नवा उपचार सुचवला, तेव्हा हे आईला कसं पटवायचं, हाच पहिला विचार माझ्या मनात आला.

भाऊ नैराश्याने कितीतरी महिने अंथरुणावर पडून होता. बोलणं जवळजवळ बंद, गोळ्यांचा गुण नाही. एकदा तर आईने त्याला विहिरीच्या काठावरून हाताला धरून घरी आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनला भूल देतात ते औषध थोड्या मात्रेत सलाइनमधून देऊ. काही वेळ भान सुटेल, चित्रंबित्रं दिसतील. मग त्याच्याशी बोलत बसू."

"म्हंजे नशाच," आई घरी आल्यावर म्हणाली.

मी चिखलीला शाळेत शिकवते, समजावणं हा माझा धंदाच. मोबाइलवर वाचलेलं सगळं तिला ऐकवलं. ती सुपात तूर निवडत राहिली.

"परयोग कराले आमचीच लेकरं दिसतात काय यायले? नसबंदीच्या शिबिरात नेलं तवाबी असंच गोड बोलत होते."

त्या शिबिरातून काकू कायमचं दुखणं घेऊन परत आली, हे मलाही ठाऊक होतं. तरी मला राग आला, तिचा आणि तिचं म्हणणं खरं असल्याचाही.

तेवढ्यात भिंतीकडे तोंड करून पडलेला भाऊ म्हणाला, "मले शील मोडाचं नाही, माय."

पाचवं शील, नशेपासून दूर राहण्याचं. दर रविवारी विहारात आई ते सांगते आणि वस्ती तिच्यामागून म्हणते. आईच्या हातातलं सूप थांबलं. आपण शिकवलेलं शील पाळता पाळता पोरगा हातचा जाईल, ही भीती मला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना विचारलं, "तुमच्या पोराले दिलं असतं काय?"

"दिलं असतं. पण गुण येईलच असं सांगत नाही."

इतकं सरळ उत्तर त्या शिबिरात कोणी दिलं नव्हतं. "मंग मी त्याच्यापाशी बसीन," ती म्हणाली.

ती बसणार म्हटल्यावर भाऊही तयार झाला. आणि ती बसली. सलाइन चालू असताना तिने त्याचा हात सोडला नाही. तो रडला, पुष्कळ रडला. अशा आणखी काही खेपा झाल्या. चमत्कार वगैरे घडला नाही, पण तो जेवू लागला, अंगणात येऊन बसू लागला. वस्तीत कुजबुज सुरू झालीच, दारूबंदीवालीचाच पोरगा नशेचं सलाइन घेते म्हणून.

मग एका रविवारी तो विहारात आला. आई पंचशील सांगत होती, सगळे मागून म्हणत होते. भावाचे ओठ हलत होते. पाचव्या शीलाला ते मिटले. आई थांबली. मी तिला असं मध्येच थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"म्हण," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "औषध घेतलं तू, दारू नाही. मी होती ना तुह्यापाशी."

मग त्याचा आवाज आला, घोगरा, अडखळत. त्या दिवशी वस्तीने पाचवं शील त्याच्यामागून म्हटलं, आणि सगळ्यांत आधी आईने.